तारेवरची कसरत : सा कुठं आहे?

वाचकांच्या गिटारविषयीच्या प्रश्नांना उत्तरं

कापसाची वेचणी सुरू झाली की मला पत्रांसाठी रात्रच उरते. दिवसभर वावर, संध्याकाळी समाजमंदिराच्या ओसरीत चार पोट्टे गिटार शिकायला, आणि जेवणं आटोपल्यावर हा गठ्ठा. या खेपेला निम्मी पत्रं एकाच दुखण्याची निघाली : स्केल पाठ आहे, पण कुणासोबत वाजवायला बसलो की हात लुळा पडतो. त्यातलं एक सगळ्यांच्या वतीनं घेतो आणि जागाही त्यालाच जास्त देतो. बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न : मी बारावीला आहे. आमचं गाव वरुड तालुक्यात, घरी संत्र्याचा बगीचा आहे. दोन वर्षांपासून मोबाइलवर व्हिडिओ पाहून गिटार शिकतो. मायनर पेंटाटॉनिक या पाच सुरांच्या स्केलचे पाचही बॉक्स, म्हणजे बोटांच्या जागांचे नकाशे, पाठ आहेत, ठोके देणारा मेट्रोनोम १२० वर लावून न अडखळता वाजवतो. गणपतीत भजन मंडळात बुवांनी मला गिटार घेऊन बसवलं आणि विचारलं, "बोल, स्केल कोणतं?" मी म्हटलं, "ए मायनर पेंटाटॉनिक." सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मग बुवा म्हणाले, "आपण पांढरी पाच घेऊ," आणि सुरू झाले. मला शेवटपर्यंत एक सूर जुळवता आला नाही. पेटीवाले काका म्हणाले, "पोट्टं डोळ्यानं शिकलं, कानानं नाही शिकलं." माझं काय चुकलं? आणखी किती स्केल पाठ करू?

उत्तर : आणखी एकही नको. आहेत तीच पुष्कळ झाली.

आधी त्या 'स्केल' शब्दाचा घोळ निस्तरू. तू आणि बुवा दोघंही आपापल्या जागी बरोबर होता. आपल्याकडे भजनात, कीर्तनात, नाटकात 'स्केल' म्हणजे पट्टी. गाणाऱ्याचा सा पेटीवर कुठं आहे, एवढाच त्याचा अर्थ. गिटारच्या पुस्तकातलं स्केल म्हणजे खालच्या सा पासून वरच्या सा पर्यंतची सुरांची शिडी, तिच्यात कोणत्या पायऱ्या ठेवायच्या आणि कोणत्या गाळायच्या त्याचा हिशेब. बुवा विचारत होते शिडी कुठं टेकवू, आणि तू सांगत होतास शिडीला पायऱ्या किती. लोक पाहणारच.

तेव्हा पहिलं काम, पेटीची भाषा तारांवर उतरव. पांढरी एक म्हणजे तुझा सी, दोन म्हणजे डी, तीन ई, चार एफ, पाच जी, सहा ए, सात बी. काळी एक सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, चार जी शार्प, पाच ए शार्प. आता जाड सहावी तार मोकळी छेड : पांढरी तीन. पहिल्या फ्रेटला (फ्रेट म्हणजे गळ्यावरची धातूची आडवी पट्टी) पांढरी चार, दुसऱ्याला काळी तीन, तिसऱ्याला पांढरी पाच. बुवांचा सा तिथं होता, तुझ्या पाचव्या फ्रेटवरच्या बोटाच्या दोन फ्रेट मागं. तसाच चढत जा. चौथ्याला काळी चार, पाचव्याला पांढरी सहा, आठव्याला पांढरी एक, बाराव्याला पुन्हा पांढरी तीन. पाचवी तार मोकळी म्हणजे पांढरी सहा, तिच्या तिसऱ्या फ्रेटला पांढरी एक, चौथ्याला काळी एक. सध्या या दोनच तारा पक्क्या कर. वहीत लिहून पाठ करू नकोस. त्याच पेटीवाल्या काकांकडे जा, एकेक पट्टी दाबायला सांग आणि तू तारेवर शोध. चिडले असले तरी चहा पाजतील, पेटीवाले असेच असतात.

जाताना एक लक्षात ठेव. गावातल्या जुन्या पेट्या मोबाइलच्या ट्यूनरशी जुळतातच असं नाही. एखादी थोडी उतरलेली असते, एखादी चढलेली. मंडळात बसायचं तर ट्यूनर खिशात ठेवायचा आणि गिटार पेटीला लावायची. पेटी काही तुझ्यासाठी वर येणार नाही.

मीही याच खड्ड्यात पडलेला आहे. १९८६ ची गोष्ट. तेव्हा कापूस सरकारच्या एकाधिकार योजनेत जायचा आणि चुकाऱ्याची, म्हणजे त्याच्या पैशांची, वाट पाहत बसावं लागायचं. बाबांचा चुकारा आला त्याच आठवड्यात मी हट्ट धरून नागपूरला सीताबर्डीवरून गिटार आणली. एस.टी.च्या टपावर टाकायला जीव होईना, म्हणून यवतमाळपर्यंत मांडीवर धरून. सोबत एक पुस्तक होतं, पानोपानी काळ्या ठिपक्यांचे नकाशे. हिवाळाभर मी ते ठिपके घोकले. आमच्या गावात एक आजोबा होते, सामुदायिक प्रार्थनेला पेटी धरायचे. त्यांना दाखवायला गेलो आणि भरभर वाजवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "सा कोठी हाय?" मी पाचव्या फ्रेटवर बोट ठेवलं. तर म्हणतात, "म्या जागा नाई मांगतली रे बाप्पा, सा मांगतला. गळ्यातून काढ."

निघेना. मग त्यांनी पेटीची एक पट्टी दाबली, ती दबलेलीच राहावी म्हणून फटीत काडेपेटीची काडी खोचली आणि भाता माझ्या हातात दिला. "म्या बैलायले पानी दाखवून येतो, तोवर भाता मारत राय अन् हा सूर धर." गेले ते अर्ध्या तासानं आले. मी गोठ्याशेजारच्या त्या छपरीत एकटा, डाव्या हातानं भाता मारतोय आणि आ करून बसलोय. पहिली दहा मिनिटं लाज वाटली, नंतरची दहा कंटाळा आला. त्यानंतर कधीतरी आवाज पेटीत मिसळला आणि त्यातला माझा कुठला, पेटीचा कुठला, ते मलाच कळेना. तशात गिटारचा पाचवा फ्रेट छेडला. तो सा नव्हता. काडी खोचलेली पट्टी काळी चार होती, म्हणजे सा एक फ्रेट मागं. हे मला नकाशात दिसलं नाही, ऐकू आलं.

आता तुझ्या पाठ बॉक्सकडे वळू, कारण ती मेहनत वाया गेलेली नाही. पाचव्या फ्रेटवरच्या पहिल्या बॉक्सात पाचच सूर आहेत : ए, सी, डी, ई, जी. मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप घे आणि तानपुरा पांढरी सहावर लाव. बॉक्स सावकाश वाजव. तुला सा, कोमल ग, म, प, कोमल नी ऐकू येईल. हे धानी रागाचे सूर. आता बॉक्स तिथंच ठेव आणि फक्त तानपुरा पांढरी एकवर ने. सूर तेच, फ्रेट तेच, पण सा सहाव्या तारेच्या आठव्या फ्रेटवर गेला आणि ऐकू येतंय सा रे ग प ध. भूप! तानपुरा पांढरी दोनवर नेलास तर सा रे म प आणि कोमल नी, म्हणजे मेघ आणि मध्यमाद सारंगाच्या घरचे सूर. पांढरी तीनवर नेलास तर पंचम गायब, आणि ग, ध, नी तिन्ही कोमल : मालकंस. तेव्हा तानपुरा पंचमाऐवजी मध्यमाचा लावायचा, नाहीतर कानाला खुपेल. पांढरी पाचवर नेलास की सा रे म प ध, दुर्गा. एका बॉक्सात पाच घरं. आपले गवई याला मूर्च्छना म्हणतात. आणि तू दोन वर्षं त्यातलं एकच घर उघडून, तेही सा न ऐकता, आतबाहेर पळत होतास. (नुसत्या सुरांनी राग होत नाही, चाल लागते. भूप आणि देशकाराचे सूर सारखेच आहेत, पण कुणी एकाला दुसरा म्हणणार नाही. हे लिहून ठेवतो, नाहीतर पुढच्या गठ्ठ्यात शास्त्रीयवाल्यांचीच पत्रं येतील.)

आता गणपतीतली ती रात्र. बुवा पांढरी पाचमध्ये भूपाच्या अंगाचं काही गात असतील, तर त्यांचे सूर होते जी, ए, बी, डी, ई. हे तुझ्या त्याच पहिल्या बॉक्सच्या आकारात बसतात. तो पाचव्या फ्रेटवरून उचलून थेट मोकळ्या तारांवर आणायचा : सहाव्या तारेवर मोकळी आणि तिसरा फ्रेट, पाचव्या, चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर मोकळी आणि दुसरा, दुसऱ्या आणि पहिल्या तारेवर मोकळी आणि तिसरा. सा तीन ठिकाणी आहे : सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट, तिसरी तार मोकळी, पहिल्या तारेचा तिसरा फ्रेट. या तीन जागा माहीत असत्या तर नुसता सा धरून बसलास तरी बुवांनी मान डोलावली असती. शेवटची भैरवी मात्र यात बसणार नाही, ती ऐकायला बस.

रियाज रोज अर्धा तास कर, जास्त नको, बारावी आहे. सुरुवातीला गिटारला हात लावायचा नाही. तानपुरा लावून नुसता सा. मग एक सूर गायचा आणि नंतर तो तारेवर शोधायचा. क्रम उलटा करू नकोस, कारण आधी वाजवलंस तर गळा नुसता मागं मागं फरफटतो. चुकला तर फ्रेट मोजत बसू नकोस, बोट सरकवत जा, कान सांगेल. आणि मेट्रोनोम १२० वरून ५० वर आण. १२० ला चूक लपते.

प्रश्न : माझं वय ४१. मुलगा इंजिनिअरिंगला पुण्याला गेला, त्याची गिटार खुंटीलाच राहिली. दुपारी घरात कुणी नसलं की मी काढून वाजवते. व्हिडिओत पाहून सी मेजर स्केल शिकले, पण माझी चार बोटं चार फ्रेटवर पुरत नाहीत. त्यात वेचणीच्या दिवसांत बोटांचे शेंडे इतके सोललेले असतात की तार दाबली की डोळ्यांत पाणी येतं. जाऊबाई हसतात. महिला भजनी मंडळात मी गाते. या वयात स्केल शिकून काही उपयोग आहे का? (कृपया नाव छापू नये. ता. दिग्रस)

उत्तर : ताई, नाव छापलेलं नाही, तालुका मात्र राहिला आहे. जाऊबाईंनी ओळखलंच तर हे पान त्यांना वाचून दाखवा.

बोटं कशानं सोलतात ते मला सांगायला नको. बोंड उकललं की त्याच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी होतात, आणि कापूस ओढताना ती नेमकी शेंड्यांत, नखाच्या कडेला घुसतात. तीच जागा तारेला लागते. म्हणून वेचणी चालू आहे तोवर गिटार एक-दोन सूर उतरवूनच लावा. तारा सैल झाल्या की दाब कमी लागतो, आणि तुम्ही एकट्याच वाजवता तेव्हा पट्टीचं बंधन नाही. पुढच्या वेळी तारा बदलाल तेव्हा दुकानात सगळ्यात बारीक सेट मागा. पण त्याआधी गिटारच्या पोटावरची ती आडवी पट्टी पाहा, जिथं तारा अडकवलेल्या असतात. तारा गाठ मारून बांधलेल्या असतील तर ती नायलॉनची गिटार, तिला स्टीलच्या तारा कधी लावू नका. नायलॉनचा संच सगळा मिळून साधारण ४० किलोचा ताण देतो, स्टीलचा ७० किलोच्या घरात. पट्टी उपटून निघते. पिनांमध्ये खोचलेल्या असतील तर स्टीलची आहे.

आता एक गंमत करून बघा. तारेवर बोट नुसतं टेकवा आणि दुसऱ्या हातानं छेडत राहा. आधी ठक्क असा मुका आवाज येईल. अगदी थोडा दाब वाढवा, खरखर येईल. आणखी थोडा, आणि एका क्षणी सूर स्वच्छ होईल. तिथंच थांबा. बहुतेक जण याच्या दुप्पट दाबतात. बोट दोन फ्रेटच्या मधोमध नको, धातूच्या पट्टीला लागून, तिच्या जरा मागं. आणि भांडी घासून किंवा धुणं करून लगेच वाजवायला बसू नका. पाण्यानं कातडी मऊ पडते आणि तार रुतते. पंख्याखाली जरा हात वाळू द्या.

बोटं पुरत नाहीत ना? मग एकच बोट वापरा आणि एकच तार. सगळ्यात बारीक पहिली तार घ्या. तिच्या पहिल्या फ्रेटला पांढरी चार आहे, भजनात बायकांना बऱ्याचदा हीच पट्टी किंवा तिच्या आसपासची सोयीची पडते. तिथं सा. तिसऱ्या फ्रेटला रे, पाचव्याला ग, सहाव्याला म, आठव्याला प, दहाव्याला ध, बाराव्याला नी, तेराव्याला वरचा सा. म्हणजे दोन-दोन घरं पुढं सरकत जायचं, फक्त ग-म आणि नी-सा शेजारी शेजारी. झालं तुमचं मेजर स्केल, आपला बिलावल. सुरांमधलं अंतर असं डोळ्यांना दिसतं ते एका तारेवरच, सहा तारांवर पसरलं की लपून जातं. मी माझ्या पोट्ट्यांना पहिला महिनाभर एकाच तारेवर ठेवतो, त्यांना ते अपमानाचं वाटतं. तुम्हाला वाटणार नाही, कारण तुम्ही गाता, आणि वरच्या पत्रातल्या मुलाला जे दोन वर्षांत जमलं नाही ते तुमच्याकडे आधीच आहे. प्रत्येक सूर तोंडानं म्हणत बोट सरकवा. दुपारची पंधरा मिनिटं पुरेत.

उपयोगाचं विचारलंत. मुलगा दिवाळीला आला की त्याला हरिपाठाची चाल पहिल्या तारेवर वाजवून दाखवा, आणि मग तोच काय म्हणतो ते मला कळवा.

प्रश्न : मी सिंदेवाही तालुक्यातला. दिवाळीनंतर झाडीपट्टीत एका नाटक मंडळात गिटारवर बसायला बोलावणं आहे. ऑर्गनवाले म्हणतात, "बाराही स्केल हातात पाहिजेत, गाणारा कधी काय घेईल सांगता येत नाही." महिन्याभरात बारा स्केल कशी करू? आणि कॅपो (गळ्यावर सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावला तर हसतात का?

उत्तर : भाऊ, अभिनंदन. ऑर्गनवाले खरं सांगतात, पण ते ऑर्गनवाले आहेत. त्यांच्या पेटीवर प्रत्येक पट्टीला बोटांची मांडणी बदलते. आपल्याला ती कटकट नाही. आपल्याला एक आकार पुरतो.

मधलं बोट पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर ठेव, हा सा. करंगळी पाचव्या फ्रेटवर, रे. चौथ्या तारेवर दुसरा, तिसरा, पाचवा फ्रेट : ग, म, प. तिसऱ्या तारेवर दुसरा, चौथा, पाचवा : ध, नी, सा. ही पांढरी एक. सगळा हात एक फ्रेट पुढं सरकव, काळी एक. आणखी एक, पांढरी दोन. आणि हाच आकार सहाव्या तारेवरून सुरू केला तरी जसाच्या तसा चालतो, तिसऱ्या फ्रेटला पांढरी पाच. दोन ठिकाणांत बारा पट्ट्या संपल्या. फक्त दुसरी तार मध्ये आली की आकार मोडतो, कारण बाकी सगळ्या तारा पाचव्या फ्रेटला पुढच्या तारेशी जुळतात आणि तिसरी एकटी चौथ्याला. ती खोड गिटारची आहे, तुझी नाही.

रियाज तालात कर. आठ सुरांचा आरोह केरव्याच्या आठ मात्रांत बरोबर बसतो, तिथून सुरुवात. मग दादऱ्यात तीन-तीनचे पलटे, सारेग रेगम गमप. मग केरव्यात चार-चारचे, सारेगम रेगमप. नाटकातली निम्मी गाणी या दोन तालांतच निघतात, म्हणजे रियाजाचा रियाज आणि कामाचं काम.

कॅपोला कुणी हसत नाही. हसतात ते चुकीच्या फ्रेटला लावला तर, आणि त्यातला मी तज्ज्ञ आहे. वडशाच्या बाजूला एका गावी, थंडी अशी की तणसावर बसलेली माणसं घोंगडीतून फक्त डोळे बाहेर काढून होती. पहाटेचे तीन, नायिकेचं रडकं गाणं, पट्टी काळी एक. मला कॅपो चौथ्या फ्रेटवर लावायचा होता. अंधारात बोटानं चाचपून लावला तो पाचव्यावर. ऑर्गन काळी एकमध्ये, मी पांढरी दोनमध्ये, अर्ध्या सुराचा फरक, आणि वर सगळं लाऊडस्पीकरमधून. बाईनं रडता रडता माझ्याकडे अशी नजर टाकली की अजून आठवते. तबलजीनं गुडघ्यानं ढोसलं. मी आवाज बंद केला आणि गाणं संपेपर्यंत नुसता हात हलवत बसलो. पब्लिकला काही कळलं नाही, मालकाला कळलं. त्या नाईटचे पैसे कापले गेले. तेव्हापासून मी चौथ्या फ्रेटच्या बाजूला नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवतो, बोटाला लागतो.

आणि थंडीत तारा चढतात, रंगमंचाच्या दिव्यांखाली तासभर गेला की उतरतात. प्रत्येक अंकाच्या पडद्यामागं एकदा सूर तपासून घे, ऑर्गनशी.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वर्धा जिल्हा. नातू गिटारवर स्केल वाजवतो ते मला शिडीवरून उड्या मारल्यासारखं वाटतं. फ्रेट असलेल्या वाद्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, कुठून येणार? त्याला बासरीकडे वळवावं का?

उत्तर : गुरुजी, वळवू नका, मुलं अशानं दोन्ही सोडतात. फ्रेटवर समान बारा भाग केलेले असतात हे खरं, आणि ते पेटीसारखंच आहे. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर, तिथं त्याच मोकळ्या तारेचा वरच्या सप्तकातला सूर. पण तार आडवी ओढता येते, आणि ओढली की दोन फ्रेटच्या मधला सगळा प्रदेश मोकळा. फ्रेटची अडचण अजिबात नको असणाऱ्यांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन तारेवर धातूचा दांडा सरकवला. ब्रिजभूषण काबरा, पंडित विश्वमोहन भट्ट यांनी त्यावर पूर्ण राग वाजवले, आणि भट्टांची मोहनवीणा तर ग्रॅमीपर्यंत गेली. नातवाला सांगा, सा तिसऱ्या फ्रेटवर धरला असेल तर ग वाजवताना सातव्या फ्रेटवर थेट जाऊ नको, पाचव्यावरचा रे ओढून ग पर्यंत ने. बारीक तारेवर करायचं. महिनाभरात तुम्हाला उड्या ऐकू येणार नाहीत.

प्रश्न : उन्हाळ्यात गिटारच्या तारा लाकडापासून खूप वर उचलल्या गेल्या आणि त्यांवर गंजही चढला. घर टिनाचं आहे. दुकानदार म्हणतो, गिटारच खराब आहे, नवी घ्या. आता काय करू? (चंद्रपूर जिल्हा. हे पत्र मे महिन्यातलं, माझ्याकडून राहून गेलं, माफी असावी.)

उत्तर : टिनाखाली मे महिन्यात गिटार ठेवली तर तिचं पोट फुगतं, मान वाकते, कधी आडवी पट्टीसुद्धा सुटायला लागते. आपल्याकडे ४५ अंश म्हणजे बातमीही होत नाही, पण लाकडाला आणि डिंकाला ते कळतं. गंजाचं कारण मात्र दुसरं असणार, आणि ते बहुधा कूलर. खूप जणांना वाटतं गिटारलाही गार हवा मिळावी, म्हणून तिला कूलरसमोरच्या भिंतीला टांगतात. दिवसभर कोरडी भट्टी आणि रात्री ओली हवा, दोन्ही तिनं सोसायचं.

नवी घेण्याआधी गळ्याच्या टोकाला किंवा पोटाच्या भोकातून आत एक षट्कोनी स्क्रू आहे का ते पाहा. असेल तर गळ्याच्या आत दांडा आहे, आणि वाकलेली मान त्यानं बरीच सरळ करता येते. जाणकाराकडूनच फिरवून घ्या, एका वेळी पाव फेरा, जास्त नाही. तारा सगळ्या बदला. गिटार जाड पिशवीत घालून घरातल्या सर्वांत गार भिंतीला, जमिनीपासून थोडी वर, कूलरच्या झोताबाहेर ठेवा. बराच काळ वाजवणार नसाल तर तारा दोन सूर उतरवून ठेवा. आमच्याकडे ती जागा धान्याच्या कोठीमागं आहे, तिथं उंदीर येतात म्हणून पिशवीची चेन पूर्ण लावतो.